डाउनटाउनमधला मायनर लीग बेसबॉल पार्क: तिकिटाआधी वार, बाजू आणि शेजार बघा

मायनर लीगचं (अमेरिकेतल्या अव्वल मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरच्या बेसबॉलचं) तिकीट साधारण १० ते २५ डॉलरमध्ये मिळतं आणि बऱ्याचदा ऐन वेळी खिडकीवर गेलं तरी मिळतं. त्यामुळे ‘जाऊ कधीही’ म्हणून लोक निघतात. मग नऊपैकी पहिल्या पाच इनिंग डोळ्यांवर हात धरून बसण्यात जातात, पार्किंग शेजारच्या नाट्यगृहाच्या प्रेक्षकांनी आधीच भरलेलं असतं आणि ही पिशवी आत चालणार नाही हे गेटवर पोचल्यावर कळतं. यातल्या कशाचाच खेळाशी संबंध नाही. पार्क शहराच्या मध्यात आहे, त्याला शहराचे रस्ते, शहराची गर्दी आणि शहराच्या इमारतींची सावली लागू होते, हे विसरल्यामुळे या अडचणी येतात. हायवेच्या कडेला मोकळ्या मैदानात बांधलेल्या स्टेडियमला जाताना हा विचार फारसा करावा लागत नाही. डाउनटाउनमध्ये तोच आधी करावा लागतो.

हे पार्क शहरात परत आले त्याची सुरुवात १९८८ साली बफेलोत झाली. तिथे पायलट फील्ड नावाचं मैदान रस्त्यांच्या चौकटीत, जुन्या वळणाच्या बांधणीने उभं राहिलं. ज्या एचओके स्पोर्ट कंपनीने ते आखलं, तिनेच पुढे १९९२ मध्ये बाल्टिमोरचं कॅम्डन यार्ड्स आखलं. त्यानंतर डरहॅम, इंडियानापोलिस, ओक्लाहोमा सिटी, मेम्फिस, लुईव्हिल, टोलिडो, कोलंबस, शार्लट अशी रांगच लागली. जागा मोजकी असल्यामुळे या पार्कांचे आकार वेडेवाकडे आहेत. डरहॅममध्ये लेफ्ट फील्डची, म्हणजे बॅटरच्या जागेपासून मैदानाच्या डाव्या टोकापर्यंतची रेषा फक्त ३०५ फुटांची आहे, म्हणून तिथे ३२ फूट उंच निळी भिंत आहे. लुईव्हिलमध्ये तर आपण जुन्या रेल्वे शेडमधून आत शिरतो. ही गंमत आहेच, पण याच आटोपशीरपणामुळे कुठली बाजू घ्यायची हा प्रश्न प्रत्येक पार्कात वेगळा सोडवावा लागतो.

आधी वार ठरवा

२०२१ च्या फेररचनेनंतर मेजर लीगशी जोडलेले १२० मायनर लीग संघ आहेत. वरून खाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा चार पायऱ्या, प्रत्येकीवर ३० संघ. ट्रिपल-एचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो आणि १५० सामन्यांचा असतो, बाकीचे एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होतात. सप्टेंबरात सगळं आटोपतं. नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की पाहुणा संघ एका गावात आठवडाभर मुक्काम करतो: मंगळवार ते रविवार सलग सहा सामने आणि सोमवारी सुट्टी. राष्ट्रीय सुट्टीच्या आसपास एखादा सोमवार अपवाद असतो, पण तो वेळापत्रकात बघितल्याशिवाय गृहीत धरू नका. संघ अर्धा हंगाम परगावी असतो, तेव्हा ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणण्याआधी तो आठवडा घरचा आहे का हे बघा.

प्रत्येक वाराचा स्वभाव वेगळा. मंगळवार-बुधवारी गर्दी सर्वांत कमी, खाण्यावर सवलती आणि जागा हवी तिथे. खेळ नीट बघायचा असेल तर हेच दिवस. मात्र एप्रिल-मेमध्ये आठवड्यातला एखादा सामना सकाळी ११ च्या सुमाराला ठेवलेला दिसला, तर तो शाळांच्या सहलींचा असतो, आणि जून-जुलैत उन्हाळी शिबिरांचा. तेव्हा पार्कात हजारो मुलं एका सुरात ओरडत असतात. आपल्याबरोबर लहान मूल असेल तर धमाल, नसेल तर दुसरा दिवस निवडा. गुरुवारी बहुतेक ठिकाणी बिअर स्वस्त असते आणि ऑफिसातून थेट आलेली तरुण गर्दी असते. शुक्रवारी सामन्यानंतर आतषबाजी, शनिवारी बॉबलहेड (मान हलणारी बाहुली) किंवा टोपीसारखी फुकट वस्तू, रविवारी दुपारचा सामना आणि शेवटी मुलांना बेसवरून पळू देणं, हा सर्वसाधारण साचा आहे.

फुकट वस्तूबद्दल एक खबरदारी. ‘पहिल्या १,००० जणांना’ किंवा ‘पहिल्या २,००० जणांना’ असं लिहिलेलं असतं, आणि हंगामी तिकीटवाल्यांना काही ठिकाणी थोडं आधी आत सोडतात. गेट साधारण सामन्याच्या तासभर आधी उघडतं. खरंच ती वस्तू हवी असेल तर गेट उघडण्याच्या तासभर आधी रांगेत उभं राहावं लागतं, म्हणजे पहिल्या चेंडूच्या दोन तास आधी. वस्तूचं एवढं वेड नसेल तर अशा शनिवारी उलट दिवस टाळलेला बरा. तिकीट महाग, पार्किंग महाग आणि रांगा लांब.

ऐन वेळी तिकीट मिळतं या नियमाला ठसठशीत अपवाद ओहायोतल्या डेटनचा आहे. डेटन ड्रॅगन्स हा (आता हाय-ए) संघ २००० साली सुरू झाला तेव्हापासून प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं संपू लागली, आणि २०११ मध्ये त्यांनी पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या बास्केटबॉल संघाचा सलग ८१४ सामन्यांचा विक्रम मागे टाकला. अशा गावी आधी तिकीट काढा. बाकी ठिकाणी शुक्रवार-शनिवार सोडला तर घाई नको. थांबण्याचा फायदा असा की दोन दिवस आधी हवामानाचा अंदाज खरा ठरू लागतो.

तिकीट संघाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. पुनर्विक्रीच्या साइटवर १२ डॉलरच्या जागेचे २५ लावलेले असतात आणि शोधात तीच साइट आधी वर येते. मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमामुळे सक्तीचं शुल्क धरूनच पूर्ण किंमत दाखवावी लागते, त्यामुळे आता तुलना सोपी झाली आहे. तिकीट फोनवर येतं, बऱ्याच संघांचं ‘एमएलबी बॉलपार्क’ अ‍ॅपमध्ये. ते घरूनच उघडून फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा. गेटवर सगळे एकाच वेळी फोन काढतात आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क रडतं. कुटुंबातलं कुणी ऑफिसातून परस्पर येणार असेल तर त्यांचं तिकीट त्यांच्या फोनवर आधीच पाठवून ठेवा, नाहीतर गेटबाहेर वाट बघत दोन इनिंग जातात.

ऊन कुठून येणार

संध्याकाळ बिघडवणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर उन्हाचा आहे आणि तो टाळायला पाच मिनिटं पुरतात.

बेसबॉलच्या अधिकृत नियमपुस्तकात २.०१ क्रमांकाच्या नियमात एक शिफारस आहे: होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पाटीवरून समोरच्या सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी. मावळतीचं ऊन बॅटरच्या डोळ्यांत जाऊ नये हा त्यामागचा हेतू. अशा पार्कात थर्ड बेसच्या, म्हणजे होम प्लेटवरून बघताना डावीकडच्या बाजूचं स्टँड मैदानाच्या वायव्य अंगाला येतं. जून-जुलैत या अक्षांशांवर सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही, जवळपास ३० अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. म्हणजे संध्याकाळी तो बरोबर थर्ड बेसच्या स्टँडमागे जातो आणि पहिली सावली तिथे पडते. फर्स्ट बेसच्या (उजवीकडच्या) स्टँडमध्ये बसलेल्याला होम प्लेट बघायला डावीकडे मान वळवावी लागते, आणि सूर्य नेमका त्याच दिशेला असतो. सर्वांत वाईट अवस्था राइट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाकडच्या हिरवळीची, जिथे गवतावर बसतात. तिथून होम प्लेटकडे बघणं म्हणजे सरळ सूर्याकडे बघणं. हिरवळीचं तिकीट सर्वांत स्वस्त असतं, त्याचं हेही एक कारण समजा. लेफ्ट फील्डच्या हिरवळीवर ऊन उजव्या अंगाने येतं, ते सोसतं.

दुपारी एकच्या सामन्यात गणित उलटतं. सूर्य दक्षिणेला आणि डोक्यावर असतो. तेव्हा फर्स्ट बेसच्या आणि होम प्लेटच्या मागच्या स्टँडला पाठीकडून ऊन येतं आणि छपराखालच्या वरच्या ओळींत खरी सावली मिळते. थर्ड बेसकडे मात्र ऊन समोरून येतं. रविवारचं तिकीट शनिवारच्या अनुभवावरून काढणारे इथेच फसतात.

पण हे सगळं ‘नियमाप्रमाणे बांधलेल्या’ पार्काचं. डाउनटाउनमध्ये भूखंड, रेल्वेमार्ग आणि उंच इमारतींचा देखावा बघून पार्क फिरवलेला असतो, त्यामुळे आपला पार्क स्वतः तपासावा. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये उपग्रह दृश्य उघडा, उत्तर वर आहे याची खात्री करा, आणि होम प्लेटपासून सेकंड बेसकडे बोटाने रेषा काढा. मग फक्त एवढं बघा: मी ज्या स्टँडमध्ये बसणार त्याची पाठ वायव्येला आहे का? असेल तर संध्याकाळसाठी उत्तम. सप्टेंबरात हाच प्रश्न जवळपास थेट पश्चिमेबद्दल विचारायचा. त्याच दृश्यात पश्चिमेकडच्या उंच इमारतीही बघून घ्या. पश्चिमेला जवळच एखादी वीस मजली इमारत असेल, तर स्टँडची बाजू चुकली तरी तिची सावली सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी मैदानावर येते. उलट पूर्वेला काचेच्या इमारती असतील तर त्या मावळतीचं ऊन परत फेकतात आणि सावलीतल्या प्रेक्षकाच्याही डोळ्यांवर पंधरा-वीस मिनिटं चमक येते.

सूर्य किती वाजेपर्यंत त्रास देणार हे गावावर अवलंबून. जूनअखेरीस अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये सूर्यास्त ८ च्या सुमाराला होतो, डरहॅममध्ये साधारण ८:३५ ला आणि इंडियानापोलिसमध्ये ९:१५ ला. इंडियानापोलिस पूर्वेकडच्या वेळेच्या पट्ट्यात अगदी पश्चिमेला आहे म्हणून एवढा फरक. बर्मिंगहॅममध्ये सातच्या सामन्यात चुकीची बाजू निवडली तर तासभराचा त्रास, इंडियानापोलिसमध्ये जवळपास अख्खा सामना.

उन्हाचं ठरलं की ओळ निवडा. या पार्कांत बहुधा रस्त्याच्या पातळीवर आत शिरतो आणि जागा तिथून खाली उतरत जातात. म्हणजे पहिली ओळ मैदानालगत आणि मोठ्या आकड्याची ओळ वरच्या फिरण्याच्या मार्गाला लागून. बरोबर वयस्कर आई-बाबा असतील तर वरच्या शेवटच्या दोन-तीन ओळी घ्या. पायऱ्या जवळजवळ नाहीत, छप्पर डोक्यावर, स्वच्छतागृह आणि खाणं जवळ, आणि पावसाची सर आली तर जागचं हलावं लागत नाही. मायनर लीगचे पार्क एवढे लहान आहेत की वरच्या ओळीतूनही कर्व्हबॉल वळताना दिसतो. व्हीलचेअर असेल तर तिच्या जागा आणि सोबत्याची जागा याच पातळीवर असतात, पण त्या मोजक्या असतात, म्हणून आधी घ्याव्यात.

संरक्षक जाळी आता बहुतेक पार्कांत दोन्ही बाजूंनी बरीच लांबवर गेलेली आहे. ती सरळ येणारा चेंडू अडवते, वरून पडणारा अडवत नाही. डगआउटच्या (खेळाडू बसतात त्या कट्ट्याच्या) पलीकडे लहान मूल घेऊन बसलात तर पिचर चेंडू टाकत असताना फोनकडे बघू नका. हिरवळीवर जाणार असाल तर जाड चादर न्या, कारण पावसानंतर उतारावरची माती दोन दिवस ओली राहते. घडीच्या खुर्च्या बहुतेक ठिकाणी आत घेऊ देत नाहीत.

शेजारी काय चाललंय

डरहॅम बुल्सच्या मैदानाला लागूनच डीपॅक हे मोठं नाट्यगृह आहे. दोन्हीकडचे लोक त्याच पार्किंग इमारतींत येतात. शार्लटच्या ट्रुइस्ट फील्डपासून दोन-तीन चौकांवर बँक ऑफ अमेरिका स्टेडियम आहे, तिथे शार्लट एफसीचा फुटबॉल सामना किंवा मैफल असली की सगळं अपटाउन (तिथलं डाउनटाउन) तुंबतं. कोलंबसच्या हंटिंग्टन पार्कभोवती नेशनवाइड अरीना आणि कोलंबस क्रू या फुटबॉल संघाचं मैदान, इंडियानापोलिसमध्ये व्हिक्टरी फील्डजवळ कन्व्हेन्शन सेंटर आणि लुकस ऑइल स्टेडियम. म्हणून सामन्याची तारीख ठरली की शेजारच्या दोन मोठ्या जागांची वेळापत्रकं उघडून बघा. त्याच संध्याकाळी तिथे कार्यक्रम असेल तर पार्किंग आधी राखून ठेवा किंवा दिवस बदला. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि फार कमी लोक करतात.

पार्किंगची इमारत निवडताना ‘पार्कला सर्वांत जवळची’ हा निकष सोडून द्या. जवळची इमारत भरायला सोपी आणि रिकामी व्हायला कठीण, कारण तिचा बाहेर पडायचा रस्ता त्याच चौकात उतरतो जिथून पाच हजार लोक पायी ओलांडत असतात. आठ-दहा मिनिटं चालण्याच्या अंतरावरची, आपल्या हायवेच्या दिशेला तोंड असलेली इमारत घ्या. शक्य तितक्या खालच्या मजल्यावर गाडी लावा. पैसे आत शिरताना किंवा अ‍ॅपवर आधीच भरून टाका. बाहेर पडताना एकेका गाडीचं कार्ड चालवत बसणारं फाटक हेच रांगेचं मूळ असतं. रस्त्यावरच्या मीटरची वेळ पाटीवर वाचा. काही शहरांत संध्याकाळी ६ नंतर ते फुकट असतात, तर काही ठिकाणी सामन्याच्या दिवशी वेगळा नियम लागतो आणि गाडी उचलून नेतात.

रेल्वे किंवा ट्राम असेल तर प्रश्नच मिटतो. बफेलोत मेट्रो रेलचं सेनेका स्थानक मैदानाला लागून आहे. सेंट पॉलमध्ये ग्रीन लाइन युनियन डेपोला सोडते आणि तिथून सीएचएस फील्ड चालण्याच्या अंतरावर आहे. ओक्लाहोमा सिटीची ट्राम ब्रिकटाउनपर्यंत जाते. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे मात्र निघण्यापूर्वी बघा. जादा इनिंग आणि आतषबाजी दोन्ही झाली तर साडेदहा सहज वाजतात.

पत्त्याबद्दल एक सूचना. या पार्कांची नावं प्रायोजक बदलला की बदलतात. बफेलोचं पायलट फील्ड पुढे डन टायर पार्क झालं, कोका-कोला फील्ड झालं, आणि २०१९ पासून सालेन फील्ड आहे. ओहायोत तर टोलिडो आणि डेटन या दोन्ही शहरांत काही वर्षं ‘फिफ्थ थर्ड फील्ड’ होतं. डेटनचं आता डे एअर बॉलपार्क झालं आहे, पण जुन्या लेखांत जुनंच नाव आहे, आणि दोन शहरांमध्ये दोन तासांहून जास्त अंतर आहे. जीपीएसमध्ये नावाऐवजी संघाच्या साइटवरचा पत्ता टाका.

लवकर पोचून आसपास फिरायचं असेल तर डाउनटाउनचा खरा फायदा तिथे आहे. डरहॅममध्ये रस्त्यापलीकडे अमेरिकन टोबॅकोच्या जुन्या कारखान्यांचं आवार आहे, लकी स्ट्राइक सिगारेटच्या धुराड्यासकट. लुईव्हिलमध्ये मेन स्ट्रीटवर बॅटचा कारखाना आणि संग्रहालय आहे, बाहेर १२० फुटांची बॅट टेकवलेली. कारखाना आणि मैदान एकाच रस्त्यावर आहेत म्हणून ‘बाजूलाच’ वाटतं, पण मैदान तिथून मैलभराहून लांब आहे. चालत वीस-पंचवीस मिनिटं धरा.

गेटवर

पिशवीचा नियम प्रत्येक संघाचा वेगळा. काहींकडे १६ × १६ × ८ इंचांपर्यंतची मऊ पिशवी चालते, काहींकडे फक्त पारदर्शक, साधारण १२ × ६ × १२ इंचांची. बाळाचं सामान आणि औषधं यांना बहुतेक ठिकाणी सूट असते, तपासणीची रांग तेवढी वेगळी. संघाच्या साइटवर ‘ए टू झेड गाइड’ नावाचं पान असतं, त्यात पिशवी, पाण्याची बाटली, छत्री, कॅमेऱ्याची भिंग, पुन्हा आत येणं, सगळं असतं. बाहेर जाऊन परत यायला बऱ्याच ठिकाणी परवानगी नाही, तेव्हा ‘जॅकेट गाडीतून घेऊन येतो’ हे चालत नाही. एप्रिलमध्ये टोलिडो किंवा बफेलोला जाणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवा. दुपार छान वाटली तरी रात्री नऊला तापमान पाच-सहा अंशांवर उतरू शकतं आणि खुर्ची खालून थंड पडते. अनेक पार्क आता रोख पैसे घेत नाहीत. मुलांना सुटे पैसे देऊन खाऊ आणायला पाठवायचा बेत असेल तर कार्ड द्या.

खाण्यात शाकाहारी माणसाला प्रेट्झेल, पॉपकॉर्न, शेंगदाणे, नाचोज आणि फ्राइज हमखास मिळतात. काळ्या घेवड्याचा बर्गर एखाद्याच खिडकीवर असतो आणि तो मांसाच्याच तव्यावर भाजतात, हे माहीत असू द्या. फ्राइज चिकनच्याच तेलात तळलेले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि नाचोजवरच्या घेवड्यात चरबी आहे का हे विचारावं लागतं. बीफ किंवा पोर्क टाळणाऱ्यांसाठी: पार्कातलं हॉट डॉग बहुधा बीफचं आणि ब्रॅटवर्स्ट बहुधा पोर्कचं. पाटीवर लिहिलेलं नसेल तर खिडकीवर विचारा, तिथे पाकीट दाखवतात. रांगेसाठी चांगली वेळ म्हणजे इनिंग चालू असतानाची. दोन इनिंगांमधल्या दोन मिनिटांत सगळेच उठतात.

पिच क्लॉक (पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचा नियम) आल्यापासून सामना पूर्वीच्या तीन तासांऐवजी साधारण दोन तास चाळीस मिनिटांत संपतो. त्याचा परिणाम असा की अर्धा तास उशीर म्हणजे दोन इनिंग गेल्या. ट्रिपल-एमध्ये आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे: स्ट्राइक-बॉलच्या (चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की बाहेरून, या) निर्णयावर पिचर, कॅचर किंवा बॅटर टोपीवर टकटक करून आव्हान देतो आणि मोठ्या पडद्यावर चेंडूचा मार्ग दिसतो. इथे तपासलेली ही पद्धत २०२६ पासून मेजर लीगमध्ये आली.

एखाद्या ठरावीक खेळाडूसाठी जाणार असाल तर तिकीट फार आधी काढू नका. चांगला खेळू लागलेला मुलगा कुठल्याही दिवशी वरच्या पायरीवर जातो. उलट दुखापतीतून सावरणारा मेजर लीगचा खेळाडू अचानक आपल्या गावी उतरतो. बॅटरसाठी अशा खेळण्याची मुदत जास्तीत जास्त २० दिवस, पिचरसाठी ३०, आणि बातमी एक-दोन दिवस आधीच कळते. आजचे पिचर कोण हे संघाच्या साइटवर ‘संभाव्य पिचर’ म्हणून दिलेलं असतं. सही हवी असेल तर सामन्याआधी ३०-४० मिनिटं डगआउटच्या टोकाला कठड्याशी उभं राहा. चेंडूवर निळं बॉलपेन चालतं, मार्करची शाई चामड्यात पसरते. खेळाडूच्या फोटोच्या कार्डावर मात्र मार्करच हवा. पाहुण्या संघाच्या बाजूला गर्दी कमी असते.

पाऊस आला तर

सर्वसाधारण पद्धत अशी की पाच इनिंग पूर्ण झाल्या, किंवा यजमान संघ पुढे असताना साडेचार झाल्या, की सामना झाला असं धरतात. त्याआधी रद्द झाला तर तिकिटाच्या किमतीएवढं दुसऱ्या सामन्याचं तिकीट मिळतं, पैसे परत सहसा मिळत नाहीत. पाहुणा संघ रविवारपर्यंत गावातच असतो, म्हणून मंगळवार ते शनिवारचा वाया गेलेला सामना बहुधा दुसऱ्याच दिवशी डबलहेडर म्हणून खेळवतात: सात-सात इनिंगचे दोन सामने, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती, आणि बहुतेक वेळा एकाच तिकिटात दोन्ही. बुधवारी पाऊस पडला तर गुरुवारचं तिकीट घेण्यासारखा सौदा दुसरा नाही, फक्त पहिला सामना नेहमीपेक्षा लवकर सुरू होतो. रविवारी मात्र ही सोय नसते. रविवारी पावसाचा अंदाज असेल तर त्या तिकिटात पैसे अडकवू नका.

वीज चमकली की स्टँड रिकामं करायला सांगतात आणि मग तास-दीड तासही थांबावं लागतं. अशा वेळी घरी निघालेला माणूस परत आत येऊ शकत नाही, म्हणून निघण्याआधी रडार बघा. ढगांचा पट्टा अरुंद असेल तर थांबा. अर्ध्याहून अधिक प्रेक्षक निघून गेलेले असतात आणि उरलेल्यांना बऱ्याचदा हव्या त्या जागेवर बसू देतात.

निघताना दोन गोष्टी. रविवारी मुलांना बेसवरून पळायचं असेल तर रांग आठव्या इनिंगलाच लागते आणि ती बहुधा आउटफिल्डच्या (मैदानाच्या लांबच्या टोकाच्या) फाटकाशी असते, मुख्य गेटशी नाही. सातव्या इनिंगमध्येच कर्मचाऱ्याला जागा विचारून ठेवा. आणि शुक्रवारी आतषबाजी असेल तर लेफ्ट किंवा राइट फील्डचा एखादा भाग सुरक्षेसाठी बंद ठेवतात, तेव्हा तिथलं तिकीट घेण्याआधी चौकशी करा. धूर वाऱ्याबरोबर जातो, म्हणून दमा असलेल्याने मैदानाकडून वारा येत असेल त्या बाजूला बसू नये. आतषबाजी दहा-पंधरा मिनिटांची असते. ती संपल्यावर लगेच गाडीकडे धावण्यापेक्षा वीस मिनिटं जागेवरच बसून राहा. तेवढ्यात पार्किंगची इमारत बरीच रिकामी झालेली असते.